उक्कोच्या डाव्या शिंगाची मूठ

८ एप्रिल १९७४, सोमवार
बर्फ: नवीन नाही. रस्ता: साफ. पलीकडचा धूर: वेळेवर.

रस्ते खात्यात होतो तेव्हा रोज हे लिहावं लागायचं. दिवसभर बर्फ ढकलायची गाडी चालवायची आणि घरी येऊन वहीत नोंद करायची. गुडघ्याने दगा दिला, खात्याने घरी बसवलं, पण हाताची सवय जात नाही. आउने म्हणते, "आता तुझ्या नोंदी वाचणार कोण, रस्ता?" आउने माझी बहीण. नवरा गेल्यापासून इथेच असते. घर तिचं आहे आणि मी भाडं न देता राहतोय, अशा थाटात वागते.

पलीकडचा धूर म्हणजे नदीच्या पलीकडच्या लेम्पीच्या चुलीचा. तो नोंदीत कधी घुसला आठवत नाही. एमेली, तिचा नवरा, वारला त्या हिवाळ्यापासून असावा. एकटी बाई आहे, धूर दिसला की समजायचं ठीक आहे. शेजारधर्म म्हणून लिहितो.

आजची बातमी अशी, की लेम्पी जाणार. तिची बहीण स्वीडनमध्ये गॉथेनबर्गला मोटारींच्या कारखान्यात आहे, तिने हिलाही काम बघून ठेवलंय. खोली तयार आहे. जूनमधला युहान्नुसचा सण झाला की सोमवारच्या बसने निघणार. आज कॉफीला आली तेव्हा माझ्याकडे बघत सांगितलं. मी म्हणालो, "बरं."

ती गेल्यावर आउने म्हणाली, "बरं? एवढंच?"

"तिकडे हवा चांगली असते, असंही म्हणालो की."

आउनेने कपबश्या अशा आदळल्या की एकीचा कान उडाला.

मी ठरवलंय की लेम्पीला निरोपाची भेट म्हणून एक सुरी द्यायची. पातं तयारच आहे. हिवाळ्यात जुन्या गाडीच्या स्प्रिंगच्या पट्टीतून ठोकून काढलं, पाणी दिलं, धार लावली. फक्त मूठ बसवायची राहिली आहे. मूठ बसवणं म्हणजे काय, एका दुपारचं काम.


१३ एप्रिल, शनिवार
बर्फ: भुरभुर. रस्ता: साफ. पलीकडचा धूर: वेळेवर.

लेम्पी बर्फावरून चालत आली. कमरेच्या पट्ट्याला म्यान होतं आणि म्यानात सुरी नव्हती. मी लगेच सांगितलं, "सुरी विसरलीस."

"विसरले नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे नाहीच."

मी म्यान जवळून बघितलं. चामडं नवं होतं, अजून डांबराचा वास येत होता. टाके स्वतः घातलेले, बारीक, एकसारखे. पण पद्धत साफ चुकीची. आधी सुरी करायची असते, मग ओलं चामडं तिच्यावर चढवून वाळवायचं, म्हणजे ते सुरीच्या अंगाला बसतं. सुरी नसताना म्यान शिवणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. तिला तसं सांगितलं.

"मग आता यात बसेल अशी सुरी कुणीतरी करायला हवी," ती म्हणाली.

"अवघड आहे. चांगला कारागीर लागेल."

तिने कॉफी संपवली, आणखी मागितली, तीही संपवली. जाताना म्हणाली, "युहान्नुसपर्यंत वाट बघते." कसली ते सांगितलं नाही. मी मात्र मनात हसलो. तिला काय माहीत, तिची भेट माझ्या शेडमध्ये अर्धी तयार आहे.

ती गेल्यावर आउनेने काहीतरी जुनं काढलं. आमच्या आजीच्या काळी लग्नाच्या वयाच्या मुली म्हणे रिकामं म्यान कमरेला लावून चर्चला जायच्या. ज्याला मुलगी आवडायची तो आपली सुरी तिच्या म्यानात घालायचा. सुरी राहिली की लग्न ठरलं. परत आली की त्याने तोंड काळं करायचं. मी म्हणालो, आता कोण करतं असलं, आता लोकांकडे टीव्ही आहे. आउने माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली, दलदलीत रुतलेल्या वासराकडे बघतात तशी.


१७ एप्रिल, बुधवार
बर्फ: नाही. रस्ता: साफ. पलीकडचा धूर: लवकर.

नशीब बघा. मुठीसाठी शिंग कुठून आणायचं या विचारात होतो, आणि आज सकाळी लाकडाच्या ढिगाजवळ, अगदी माझ्या पायवाटेवर, रेनडियरचं गळलेलं शिंग पडलेलं. ओढीच्या जनावराचं, जाडजूड, बुडाशी घट्ट, मुठीसाठी याहून चांगलं मिळायचं नाही. जनावर इतकं अंगणात कसं आलं कळत नाही. खुरांचे ठसेही नव्हते. बुटांचे होते, लहान मापाचे, नदीकडून आलेले आणि नदीकडे गेलेले.

आउनेला दाखवलं. ती म्हणाली, "कुणाचे बूट असतील रे?"

मी म्हणालो, "बुटांचं काय घेऊन बसलीस, शिंग बघ."


२१ एप्रिल, रविवार
बर्फ: पाणी होतंय. रस्ता: चिखल. पलीकडचा धूर: वेळेवर.

शिंग मधोमध कापलं, दोन तुकडे केले. बुडाकडचा जाड तुकडा मुठीला, वरचा राखीव. जुनी पद्धत अशी, की शिंग उकळून मऊ करायचं आणि पात्याची शेपटी, म्हणजे मागचं निमुळतं टोक, त्यात ठोकून घुसवायची. वाळलं की ते असं आवळतं की बैल लावून ओढलं तरी निघत नाही. माझे वडील असंच करायचे.

उकळायला आउनेचं मोठं पातेलं घेतलं. तिने रविवारच्या रस्स्यासाठी घासून ठेवलं होतं हे मला काय माहीत. दुपारपर्यंत घरात असा वास सुटला की जणू गावातल्या सगळ्यांचे दात एकाच दिवशी किसताहेत. आउने खिडक्या उघडून शाल घेऊन अंगणात बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली, "माझा भाऊ स्वयंपाक करतोय."

शेपटी मात्र छान बसली. सौनाच्या, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, फळीवर वाळायला ठेवली आहे. म्हटलं ना, एका दुपारचं काम.


२४ एप्रिल, बुधवार
रस्ता: चिखल. पलीकडचा धूर: वेळेवर.

मूठ वाळली आणि हलायला लागली. सौना फारच गरम होता बहुतेक. शिंगाचं आतलं अंग भुसभुशीत असतं, ते सगळं आक्रसलं. सुरी हातात धरून हलवली की जत्रेतल्या खुळखुळ्यासारखी वाजते. आउनेने ऐकलं आणि म्हणाली, "लेम्पीला नातवंडं असती तर कामाला आली असती."

शेपटी उपसून काढली. काढताना मुठीला उभी चीर गेली. एक बाजू वाया. राखीव तुकडा आहे म्हणून काळजी नाही.


२५ एप्रिल, गुरुवार
राखीव तुकडा तुर्रेने खाल्ला. कुत्र्याला दोष देत नाही, शेडचं दार मीच उघडं टाकलं होतं. पण खाऊन झाल्यावर माझ्या पायाशी येऊन इतक्या समाधानाने झोपला की तेवढं मला सहन झालं नाही.


२८ एप्रिल, रविवार
बर्फ: नदीवर अजून धरून आहे. पलीकडचा धूर: वेळेवर.

आजचा दिवस वाईट गेला. लेम्पीने कोठारातलं पिठाचं पोतं खाली काढायला बोलावलं. तिच्या कोठाराच्या भिंतीवर उक्कोची शिंगं ठोकलेली आहेत. उक्को हा तिचा ओढीचा रेनडियर, एमेलीच्या वेळेपासूनचा, आता म्हातारा झालाय. दरवर्षी गळलेली शिंगं ती जोडीजोडीने भिंतीला लावते. सगळ्या जोड्या पूर्ण. यंदाची अर्धीच. उजवं आहे, डावं नाही.

आणि त्या उजव्याला बुडाशी तसाच वाकडा उंचवटा, जसा माझ्या शेडमधल्या तुकड्याला आहे. मी पोतं सोडून दिलं. ते माझ्याच पायावर पडलं.

"उक्कोचं डावं शिंग कुठे गळलं कुणास ठाऊक," लेम्पी म्हणाली. "तुझ्या बाजूला दिसलं का रे?"

मी म्हणालो, "नाही." आयुष्यात मी खोटं फार कमी बोललो आहे, त्यामुळे जमत नाही. कान तापले.

"बरं," लेम्पी म्हणाली. "कुणाच्या तरी कामाला आलं असेल." आणि ओठ चावून पिठाकडे बघत राहिली. रडू आवरत असावी. एमेलीने वाढवलेल्या जनावराचं शिंग, आणि मी ते उकळलं, चिरलं आणि कुत्र्याला खायला घातलं.

आता करू काय? सांगितलं तर ती मनात राग घेऊन स्वीडनला जाईल. नाही सांगितलं तर तिच्याच शिंगाची मूठ तिलाच भेट देणार. आउनेला सगळं सांगितलं. ती एप्रनमध्ये तोंड खुपसून खांदे हलवत होती. तिलाही फार लागलेलं दिसलं.


२ मे, गुरुवार
रस्ता: खड्डे. पलीकडचा धूर: वेळेवर.

वेइक्कोची दुकानगाडी आली. वेइक्को ट्रकमध्ये साखर, तेल, बूट, बॅटरी सगळं भरून गावोगाव फिरतो आणि बायकांशी जरा जास्तच बोलतो. मला काका म्हणतो. माझ्याहून फार तर नऊ वर्षांनी लहान असेल. केसांना तेल लावून काका म्हणतो.

लेम्पी बर्फावरून कॉफी घ्यायला आली होती. वेइक्कोने तिच्या कमरेचं रिकामं म्यान बघितलं, फळीवरून लाल प्लास्टिकच्या मुठीची कारखान्याची सुरी उचलली आणि सगळ्यांसमोर तिच्या म्यानात घातली. "घे, दुकानाकडून." बायका एकदम गप्प झाल्या. एवढ्या स्वस्त सुरीचं एवढं काय?

लेम्पीने सुरी बाहेर काढली, पुसली आणि परत त्याच्या फळीवर ठेवली. "सैल आहे," म्हणाली.

वेइक्कोचं तोंड उतरलं. मला मात्र मोलाची माहिती मिळाली: म्यान रुंद आहे, पातळ पात्याची सुरी त्यात खुळखुळते. माप घेतल्याशिवाय पुढे जाणं मूर्खपणा. मी तिथेच लेम्पीला म्हणालो, "म्यान जरा काढून दे, मोजून देतो परत."

"कमरेचं म्यान मी काढून देत नाही," ती म्हणाली. "मोजायचं तर असंच मोज."

खिशात दोरी होती. गाडीच्या मागे उभं राहून मोजलं. तोंडाशी किती, मध्ये किती, टोकाला किती, गाठी मारत गेलो. तिच्या अंगाला धुराचा आणि साबणाचा वास होता. दोरीची गाठ दोनदा सुटली. गुडघ्याचं दुखणं आता हातात उतरलंय बहुतेक.


१९ मे, रविवार
नदी: फुटली. पलीकडचा धूर: वेळेवर.

काल बर्फ फुटलं. आता नावा सुटेपर्यंत इकडचा माणूस इकडे आणि तिकडचा तिकडे. हिमखंड एकमेकांवर चढून गुरगुरत चाललेत. मी काठावर गेलो तर लेम्पी पलीकडे उभी. म्यान कमरेला.

"जमलं का?" तिने ओरडून विचारलं.

"काय?" मी ओरडलो.

"जे करतोयस ते."

आउने सांगून बसली वाटतं. मी ओरडलो, "चिरली. दुसरी कुत्र्याने खाल्ली."

"मग?"

"डागून बसवणार."

"घाई नको," ती ओरडली. मग थोडं थांबून, "पण उशीरही नको."

आख्ख्या गावाने ऐकलं असणार. नदीच्या दोन्ही काठांवर लोक बर्फ बघायला उभे होते, आणि बर्फ सोडून सगळे माझ्याकडे बघत होते.

डागणं म्हणजे असं: चिरलेल्या मुठीचा चांगला भाग कापून घ्यायचा, त्यात बारीक भोक पाडायचं, शेपटी लालभडक तापवायची आणि भोकात दाबायची. ती आपली जागा आपणच जाळून घेते. पात्याला ओलं फडकं गुंडाळायचं, नाहीतर त्याचं पाणी उतरतं. हे मी विसरलो नाही. भोक सरळ पाडायचं मात्र विसरलो. शेपटी बाजूने बाहेर आली, नाकातून बाहेर आलेल्या दातासारखी.

आता शिंगाचे दोन छोटे तुकडे उरलेत, एक-एक अंगठ्याएवढा. उक्को अजून जिवंत आहे, पण पुढचं शिंग पुढच्या वर्षी, आणि बस जूनमध्ये.


२७ मे, सोमवार
रस्ता: साफ. नदी: अजून खवळलेली. पलीकडचा धूर: उशिरा.

धूर फार उशिरा आला. तोवर मी तीन वेळा काठावर जाऊन आलो. आउनेने कारण विचारलं, मी सांगितलं पाण्याची पातळी बघतोय.

मग इथे बसून विचार केला. युहान्नुसनंतर त्या धुराड्यातून धूर येणारच नाही. सकाळी मी कॉफी ओतून खिडकीशी उभा राहतो तेव्हा बघणार काय? वहीत लिहिणार काय? बर्फ आणि रस्ता. मला वाईट वाटतंय. हे असं सरळ लिहिताना विचित्र वाटतं, पण वही माझी आहे. लेम्पी जाऊ नये असं मला वाटतं. पण बाईला तिकडे पगार आहे, खोली आहे, बहीण आहे. इकडे काय आहे? मी कोण तिला थांब म्हणणारा?

मूठ पूर्ण करायचीच. निदान भाकरी कापताना आठवण येईल.


८ जून, शनिवार
रस्ता: साफ. डास: आले. पलीकडचा धूर: वेळेवर.

सुरी झाली. मोठ्या तुकड्याचा हट्ट सोडला. पात्याजवळ शिंगाचा एक तुकडा, टोकाला दुसरा, आणि मध्ये बर्चच्या झाडाच्या सालीची वर्तुळं कापून एकावर एक दाबून बसवली. शेपटी सगळ्यांतून आरपार नेली, टोकाशी तांब्याची चकती घातली आणि शेपटीचं टोक हातोडीने ठोकून चकतीवर पसरवलं. आता ही हलूच शकत नाही. दाताने धरून ओढली. दारात अडकवून ओढली. आउनेलाही ओढायला लावलं. तिने अशी ओढली की आम्ही दोघं शेडमध्ये पडलो, सुरी जशीच्या तशी.

एकच खोट आहे. शिंग कमी पडल्यामुळे मूठ लहान झाली. माझ्या हातात करंगळी बाहेर राहते. आउनेच्या हाताला मोठी होते.

"एका हातात बरोबर बसेल," आउने म्हणाली.

"कुणाच्या?"

ती गायीला पाणी दाखवायला गेली. आमची गाय गेल्या वर्षीच विकली.

टोकाच्या तुकड्यावर उक्कोचा तो वाकडा उंचवटा आलाय. किती घासला तरी जात नाही. लेम्पी बघताक्षणी ओळखेल. ओळखू दे. आता माझ्याकडे दुसरं शिंग नाही आणि तोंडही नाही.


२२ जून, शनिवार, युहान्नुस
कालचं आज लिहितो.

नदीकाठी नेहमीसारखी मोठी शेकोटी पेटवली. रात्र म्हणायची ती घड्याळापुरती, सूर्य समोर लटकलेला. वेइक्को अकॉर्डियन वाजवत होता. आउने काठीला सॉसेज लावून भाजत होती. लेम्पी निळा एप्रन घालून आली, केस विंचरलेले, आणि कमरेला ते म्यान. अजून रिकामं. लोक तिला स्वीडनबद्दल विचारत होते आणि ती हो-हो करत होती.

मी वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुरी पुढे केली. काय बोलायचं ते घरी पाठ केलं होतं. प्रत्यक्षात म्हणालो, "तिकडच्या दुकानातल्या सुऱ्यांचा काही भरवसा नाही, म्हणून."

तिने कागद सोडला. मूठ बघितली. तो उंचवटा अंगठ्याने चाचपला. ती म्हणाली, "उक्को किती कामाचा आहे बघ." बस, एवढंच. मग म्हणाली, "हातात नको देऊस. जिथली आहे तिथे घाल."

मी घातली. ओल्या चामड्यात बसावी तशी, दबकत, शेवटी चप असा आवाज करून बसली. दोरीच्या गाठींचं माप अचूक. अकॉर्डियन थांबलं. सगळे गप्प. मी मान वर करून बघितलं, म्हटलं चला, गावाला कारागिरी कळते म्हणायची.

आणि मग माझ्या लक्षात आलं की सालीचं एक वर्तुळ म्यानाच्या काठाच्या वर राहिलंय. केसभर. पण मला दिसलं. मी म्हणालो, "थांब, थांब, दे इकडे. घरी नेऊन घासून आणतो." आणि मूठ धरून ओढली.

म्हाताऱ्या बायांनी एकदम श्वास आत घेतला. लेम्पीच्या तोंडावरचा रंग उतरला. सुरी अर्धी बाहेर आली असेल नसेल, तोच आउनेने सॉसेजची काठी माझ्या मनगटावर मारली. सॉसेजसकट.

"हात काढ," ती म्हणाली. "हात काढ, गाढवा."

लेम्पीने दोन्ही तळहात म्यानावर ठेवले आणि सुरी परत आत दाबली. "आत गेली ती गेली," ती म्हणाली. "वर राहिली तर राहू दे. मला चालते."

मी म्हणालो, "जशी तुझी मर्जी, पण काम अर्धवट दिसतं." ती वळून नावेकडे गेली. वेइक्कोने येऊन हात मिळवला, म्हणाला, "जिंकलात, काका." दिलदार माणूस आहे म्हणायचा, कारखान्याच्या मालापेक्षा हाताचं काम सरस हे मान्य केलं.


२३ जून, रविवार
रस्ता: साफ. पलीकडचा धूर: वेळेवर.

सकाळी आउनेने मला टेबलाशी बसवलं, ही वही उघडली आणि तेरा एप्रिलच्या पानावर बोट ठेवलं. "वाच. मोठ्याने वाच."

वाचलं. रिकामं म्यान. सुरी राहिली की लग्न ठरलं. माझ्याच अक्षरात लिहिलंय. पुन्हा वाचलं. मग म्यानाचं नवं चामडं आठवलं. मग लहान मापाचे बूट. मग वेइक्को. मग दुकानगाडीच्या मागची ती दोरी. माझ्या हातातून कप सुटला. दुसऱ्या कपाचाही कान गेला.

"मग ती स्वतः का नाही बोलली?" मी म्हणालो.

"अजून काय करायला हवं होतं तिने? म्यानात पाटी लावायची?"

"आणि मी सगळ्या गावासमोर सुरी बाहेर ओढत होतो."

"हो," आउने म्हणाली. "ओढत होतास."

म्हणजे आता ती काय समजली असेल? की याने घातली आणि याचा विचार बदलला. परत दिली की संपलं. आणि उद्या सोमवार आहे, बस आहे.

नावेपर्यंत गेलो. वल्ही घेतली. काय बोलायचं ते सुचेना, वल्ही परत ठेवली. माझं वय चोपन्न आहे आणि मला घाम फुटला होता.


२४ जून, सोमवार, सकाळी
पलीकडचा धूर: नाही.


त्याच दिवशी, दुपारी

आता नीट लिहितो. सकाळपासून खिडकीत उभा होतो. धूर नाही. बस आमच्या फाटकाशीच थांबते, त्यामुळे लेम्पीला इकडे यावंच लागणार होतं. आणि ती आली. नाव वल्हवत, नावेत कापडी पिशवी. कमरेला म्यान, म्यानात सुरी.

तिने पिशवी दाराशी ठेवली, आत आली, सुरी म्यानातून काढली आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवली. मी मनात म्हटलं, परत आली. संपलं. तोंडाने म्हणालो, "बरं." मग मला आठवलं की एप्रिलमध्येही मी हेच म्हणालो होतो, आणि त्यानेच सगळा घोळ झाला. म्हणून म्हणालो, "नाही, बरं नाही. मी सुरी काढत नव्हतो. म्हणजे काढत होतो, पण ती घासायला. लेम्पी, मला ते माहीत नव्हतं. मला तू जायला नको आहेस."

आउने भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

लेम्पीने माझ्याकडे बघितलं, सुरीकडे बघितलं. "मी परत करायला नाही आणली," ती म्हणाली. "मूठ हलते आहे."

मी सुरी उचलली. मूठ धरून पातं दाबलं, पिळलं, टेबलाच्या कडेला टेकवून जोर लावला. गेले अडीच महिने मी याच मुठीबरोबर झोपलोय, जेवलोय, भांडलोय. ही मूठ हलत नव्हती. केसभरही नाही. सालीची वर्तुळं, तांब्याची चकती, सगळं दगडासारखं. मी तिला तसं सांगायला तोंड उघडलं.

आउनेने मागून खोकला काढला.

मी तोंड मिटलं. पुन्हा मूठ हलवून बघितली, जरा मान हलवली, जसं खात्यात गाडीचं इंजिन तपासताना हलवायचो.

"हो," मी म्हणालो. "हलतेय खरी."

"दुरुस्त व्हायला किती दिवस लागतील?"

"नक्की सांगता येत नाही. अशा मुठीवर लक्ष ठेवावं लागतं. हा हिवाळा तर जाईलच. पुढचाही."

"बाप रे," लेम्पी म्हणाली. "मग बसने जाऊन चालायचं नाही." तिने सुरी माझ्या हातातून घेतली. तिच्या हातात मूठ बरोबर बसली, करंगळीसकट. दाराशी ठेवलेल्या पिशवीतून तिने भाकरी आणि चीज काढलं आणि टेबलावर कापायला घेतलं. पिशवीत दुसरं काहीच नव्हतं.

बाहेर बसचा भोंगा वाजला. आउने फाटकापर्यंत गेली आणि ड्रायव्हरला ओरडून म्हणाली, "जा तू, इथे दुरुस्ती चाललीय."

बर्फ: नाही. रस्ता: साफ. बस: वेळेवर, इथून कुणी चढलं नाही. पलीकडचा धूर: नाही. कॉफी आज आमच्या चुलीवर झाली.